मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी पर्यायी कॅलिबरची निवड

लहान हरणे आणि मध्यम वजनाची रानडुकरे यांच्यासाठी घेतलेली रायफल हाताळता हाताळता शिकाऱ्याच्या अंगवळणी पडते. मग कधीतरी मूस आणि वापिटी ही प्रचंड हरणे किंवा इलंड हे आफ्रिकी कुरंग यांसारख्या तिप्पट-चौपट वजनाच्या जनावराचा परवाना हाती येतो आणि पहिला प्रश्न निघतो तो कॅलिबरचा, म्हणजे इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगितल्या जाणाऱ्या नळीच्या आणि काडतुसाच्या मापाचा: आता कोणता आकडा घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो फार लवकर विचारला जातो. काडतुसाचे नाव सर्वांत शेवटी ठरायला हवे. त्याआधी जनावर, गोळीची बांधणी, खांद्यावर बसणारा धक्का आणि हातातल्या रायफलची रचना या गोष्टींचा एकामागून एक निकाल लावला, तर शेवटी उरणारी नावे इतकी थोडी असतात की निवड जवळजवळ आपोआप होते. या लेखातील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

जिथे त्या जनावराची शिकार कायदेशीर आहे, शिकाऱ्याकडे शस्त्राचा आणि शिकारीचा असे दोन्ही परवाने आहेत आणि त्या प्रदेशाने ठरवलेल्या किमान मर्यादा पाळल्या जात आहेत, अशाच ठिकाणासाठी पुढील सर्व विवेचन लागू आहे.

पहिली पायरी: बदलाची खरोखर गरज आहे का, हे तपासणे

'पर्यायी कॅलिबर' म्हणजे 'मोठे कॅलिबर' असे समीकरण अनेकांच्या डोक्यात पक्के असते. प्रत्यक्षात पुष्कळदा योग्य पर्याय म्हणजे तीच रायफल आणि अधिक मजबूत बांधणीची गोळी. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ सालचे काडतूस ११.७ ग्रॅमची (१८० ग्रेन; ग्रेन हे गोळीच्या वजनाचे जुने माप) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सोडते. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या आसपास भरते. एवढ्यावर चारशे-पाचशे किलोचा मूस योग्य ठिकाणी गोळी बसल्यास निश्चितपणे पडतो. १९५२ मध्ये बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर त्याच्या किंचित मागे आहे, पण दीडशे मीटरच्या आत जनावराला हा फरक कळत नाही.

उत्तर युरोपात मूसच्या शिकारीला पिढ्यानपिढ्या वापरले गेलेले ६.५ × ५५ (मिलिमीटरमध्ये गोळीचा ढोबळ व्यास आणि पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाची, लांबी) हे काडतूस १८९४ सालचे आहे. त्याची गोळी बारीक, पण लांब आणि वजनदार असते, वेग मध्यम असतो आणि धक्का सौम्य असतो. धक्का सौम्य असल्यामुळेच ते चालवणारा मनुष्य सहसा नेम चुकत नाही. म्हणून सध्याची रायफल ६.५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाची असेल, तर आधी तिच्यात जड आणि मजबूत गोळीची काडतुसे घालून पाहावीत. त्या गोळीने त्या प्रदेशातील कायद्याची अट पूर्ण होत असेल, नेमबाजी समाधानकारक असेल आणि शिकारीचे अंतर माफक असेल, तर पुढच्या बहुतेक पायऱ्यांची आवश्यकताच उरत नाही.

बदल करण्याची सबळ कारणे मोजकीच आहेत: कायदा किमान व्यास किंवा ऊर्जा ठरवून देतो, जनावर धोकादायक आहे आणि उलट अंगावर येऊ शकते, झाडी इतकी दाट आहे की जखमी जनावर शंभर पावले गेले तरी हरवेल, किंवा सध्याचे काडतूस खरोखरच हलके आहे. यांपैकी एकही कारण लागू नसेल, तर नवी रायफल हौसेखातर अवश्य घ्यावी, मात्र ती हौस आहे हे स्वतःशी मान्य करावे.

दुसरी पायरी: जनावर आणि गोळी लागण्याचा कोन

वजनाचा आकडा उपयोगी आहे, पण अपुरा आहे. वापिटीचा पूर्ण वाढलेला नर साधारण तीनशे ते चारशे किलोचा असतो, मूस त्याहून बराच मोठा, तर इलंडचा नर सहाशे किलोच्या पुढेही जातो. तरीही इलंडला अनुभवी शिकारी स्वभावाने मवाळ मानतात, आणि जवळपास तेवढ्याच वजनाच्या आफ्रिकन रानम्हशीबद्दल बोलताना त्यांचा सूर एकदम बदलतो. कातडीची जाडी, खांद्याच्या हाडांचा भक्कमपणा, जखमी झाल्यावर पळण्याची किंवा चाल करून येण्याची वृत्ती या गोष्टी तराजूवर दिसत नाहीत.

त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा कोनाचा आहे. जनावर पूर्ण आडवे उभे असेल, तर गोळीला बरगड्यांमधून फुप्फुसांपर्यंत जाण्यासाठी थोडेच मांस भेदावे लागते. तेच जनावर तिरके, पाठमोरेपणाकडे झुकून उभे असेल, तर गोळीला पोटाकडच्या भागातून पुढे सरकत छातीपर्यंत पोहोचावे लागते, आणि हे अंतर दुप्पट-तिप्पट होऊ शकते. समोरून छातीवर किंवा खांद्याच्या जाड हाडावर बसणाऱ्या गोळीचेही तसेच. त्यामुळे 'मी फक्त आडव्या जनावरावरच गोळी झाडीन' असा नियम जो कसोशीने पाळतो, त्याला तुलनेने हलके कॅलिबर पुरते. ज्याला मिळेल त्या कोनातून संधी घ्यायची आहे, त्याला खोल शिरणारी जड गोळी लागते. शिकारीचा संपूर्ण प्रवास, परवान्याचे शुल्क आणि आठवडाभराची पायपीट एकाच संधीवर अवलंबून असताना पहिला नियम पाळणे किती कठीण जाते, हे प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

या पायरीअखेर कागदावर तीन ओळी लिहाव्यात: सर्वांत मोठे अपेक्षित जनावर, सर्वांत वाईट कोन ज्यातून आपण गोळी झाडू, आणि सर्वांत लांबचे अंतर. पुढचा सगळा हिशेब या तीन ओळींवर उभा राहतो.

तिसरी पायरी: आधी गोळी, मग काडतूस

रायफलची गोळी जनावराला ऊर्जेच्या आकड्याने मारत नाही. ती मांसातून जाताना जी जखम करते, त्यातून होणारा रक्तस्राव आणि निकामी होणारी फुप्फुसे किंवा हृदय यांमुळे जनावर मरते. शिकारीच्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाची ऊर्जा शंभर ज्यूलच्या आसपास असते, तरीही धारदार पाते फुप्फुसांतून आरपार गेले की मोठे हरीणही थोड्याच अंतरावर कोसळते. ऊर्जा म्हणजे खिशातले पैसे. ते कशावर खर्च होणार हे गोळीची बांधणी ठरवते.

साधी गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण आणि आत शिसे. लहान हरणावर ती उत्तम काम करते, कारण लवकर फुलते. मोठ्या जनावराच्या खांद्यावर मात्र तीच गोळी आवरणापासून सुटून तुकडे होऊ शकते आणि जखम रुंद पण उथळ राहते. १९४६ मध्ये जॉन नोस्लर यांना मूसच्या शिकारीत नेमका हाच अनुभव आला आणि त्यातून त्यांनी मधोमध धातूची आडभिंत असलेली 'पार्टिशन' गोळी बनवली: पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून खोल शिरतो. त्यानंतर शिसे आणि आवरण एकमेकांना कायमचे सांधलेल्या 'बाँडेड' गोळ्या आल्या, आणि संपूर्ण तांब्याच्या, शिसेविरहित गोळ्याही आल्या.

तांब्याच्या गोळीविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तर तांब्याची सुमारे ८.९ ग्रॅम असते. त्यामुळे समान वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला हवेत स्थिर ठेवण्यासाठी नळीच्या आतल्या सर्पिल खाचांचे पेच अधिक घट्ट असावे लागतात, म्हणजे कमी अंतरात एक फेरा पूर्ण व्हावा लागतो. पण तांब्याची गोळी आपले जवळजवळ सगळे वजन टिकवून ठेवत असल्यामुळे एक पायरी हलक्या वजनाची घेतली तरी ती शिशाच्या जड गोळीइतकी खोल जाते. दुसरी गोष्ट वेगाची. फुलण्यासाठी तिला साधारण सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेग हवा असतो. त्याखाली काही गोळ्या न फुलताच आरपार जातात आणि पेन्सिलीएवढे भोक पाडतात. नेमकी मर्यादा प्रत्येक उत्पादक आपल्या गोळीसाठी देतो आणि ती वाचून घेणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही, आणि डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आणली. त्यामुळे ज्याला वेगवेगळ्या प्रदेशांत शिकार करायची आहे त्याने नवे कॅलिबर निवडताना त्यात तांब्याची चांगली गोळी मिळते का, हे पाहूनच पुढे जावे.

गोळी किती खोल जाईल याचा कागदावरचा अंदाज 'सेक्शनल डेन्सिटी' या मापाने येतो. गोळीचे वजन पौंडात घेऊन त्याला इंचातील व्यासाच्या वर्गाने भागले की तो आकडा मिळतो. १८० ग्रेनच्या .३०८ इंची गोळीचा आकडा ०.२७१ येतो, २८६ ग्रेनच्या ९.३ मिलिमीटर गोळीचा ०.३०५, ३०० ग्रेनच्या .३७५ गोळीचाही ०.३०५. शिसे असलेल्या गोळ्यांमध्ये ०.३०० च्या पुढचा आकडा मोठ्या जनावरासाठी विश्वासाचा मानला जातो. गंमत अशी की १७५ ग्रेनची ७ मिलिमीटर गोळी ०.३१० वर जाते, म्हणजे व्यास लहान असूनही ती या कसोटीत मागे नाही. मात्र हा आकडा गोळी फुलण्यापूर्वीचा असतो. फुलल्यावर व्यास बदलतो, तुकडे पडले तर वजनही बदलते. म्हणून दोन सारख्या बांधणीच्या गोळ्यांची तुलना करतानाच तो वापरावा.

हत्तींचे शिकारी वॉल्टर 'कारामोजो' बेल यांचे उदाहरण या चर्चेत हमखास पुढे येते. त्यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांपैकी बरेचसे ७ × ५७ माउझरसारख्या लहान कॅलिबरने. हे खरे आहे. पण ते न फुलणारी घट्ट गोळी वापरत, हत्तीच्या कवटीची रचना त्यांनी अभ्यासली होती आणि त्यांची नेमबाजी असामान्य होती. या उदाहरणातून 'लहान कॅलिबर पुरते' असा निष्कर्ष काढणारा त्यातल्या तीन अटी सोयीस्करपणे विसरतो.

चौथी पायरी: कायद्याची चाळणी

ही पायरी छोटी आहे, पण तिच्यात नापास झालेले नाव ताबडतोब यादीतून काढावे. जर्मनीत रो या लहान हरणापेक्षा मोठ्या खुरवाल्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि शंभर मीटरवर २,००० ज्यूल ऊर्जा अशी अट आहे. स्वीडनमध्ये मोठ्या जनावरांसाठी नऊ ग्रॅमपासूनच्या गोळीला शंभर मीटरवर २,७०० ज्यूल लागतात, आणि गोळी दहा ग्रॅम किंवा अधिक असेल तर २,००० ज्यूल पुरतात, म्हणूनच ६.५ मिलिमीटरची १५६ ग्रेनची, अर्थात १०.१ ग्रॅमची गोळी तिथे मूससाठी चालते. आफ्रिकेत अनेक ठिकाणी हत्ती, रानम्हैस अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ हा किमान व्यास मानला जातो. प्रत्येक ठिकाणची अट वेगळी असते आणि ती कधी व्यासाची, कधी वजनाची, तर कधी ऊर्जेची असते. ऊर्जेची अट असेल, तर ती नळीच्या तोंडाशी आहे की शंभर मीटरवर, हेही नीट वाचावे. काडतुसाच्या खोक्यावर दोन्ही आकडे बहुधा छापलेले असतात.

पाचवी पायरी: खांद्याचा हिशेब

मोठ्या कॅलिबरच्या बाबतीत सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने मांडतो. धक्क्याचा अंदाज कोणालाही कागद-पेन्सिलीने काढता येतो. गोळीचे वजन गुणिले तिचा वेग, अधिक काडतुसातील दारूचे वजन गुणिले बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग (ढोबळमानाने सेकंदाला १,२०० मीटर धरावा), आणि या बेरजेला दुर्बिणीसह रायफलच्या वजनाने भागले की रायफल किती वेगाने मागे येते हे कळते. रायफलचे वजन गुणिले त्या वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे, म्हणजे धक्क्याची ऊर्जा.

.३०-०६ साठी: ०.०११७ किलो गुणिले ८२० म्हणजे ९.६, दारू सुमारे ३.६ ग्रॅम, तिचे ४.३, एकूण १३.९. रायफल ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला ३.९ मीटर वेगाने मागे येते आणि ऊर्जा भरते २७ ज्यूल. याच वजनाच्या रायफलीतून ९.३ × ६२ ची १८.५ ग्रॅमची गोळी ७२० मीटर वेगाने सोडली, तर मागे येण्याचा वेग जवळपास ५ मीटर आणि ऊर्जा ४४ ज्यूल. त्याच पद्धतीने .३०० विंचेस्टर मॅग्नमची (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचे, जोरदार काडतूस) ऊर्जा ३७ च्या आसपास, तर .३३८ विंचेस्टर मॅग्नमची ४९ च्या घरात जाते. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) चे गणित ४.१ किलोच्या रायफलीवर केले तरी ५३ ज्यूल येतात. म्हणजे .३०-०६ वरून .३७५ कडे गेल्यास धक्का 'थोडा वाढतो' असे नाही, तो जवळपास दुप्पट होतो.

यावर उपाय दोन आहेत. पहिला वजनाचा: ९.३ × ६२ ची रायफल ३.६ ऐवजी ४.१ किलोची घेतली की ४४ चे ३९ ज्यूल होतात. मात्र ते अर्धा किलो वजन डोंगरात दिवसभर वाहावे लागते. दुसरा उपाय म्हणजे नळीच्या तोंडावरचा ब्रेक. तो धक्का लक्षणीय कमी करतो, पण स्फोटाचा आवाज बाजूला आणि मागे वळवतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याच्या कानांना त्याची किंमत मोजावी लागते. ब्रेक वापरायचाच असेल, तर सर्वांनी कानांचे संरक्षण घातल्याशिवाय तो वापरू नये. माझा कल स्पष्टपणे पहिल्या उपायाकडे आहे. कुंदा खांद्याला नीट बसणारा, रुंद आणि चांगल्या रबरी गादीचा असणे, हा तिसरा आणि बहुधा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे.

आकडे पुरेसे नसतात. शरीराची साक्षही काढावी लागते. त्यासाठी एक जुनी आणि खात्रीशीर चाचणी आहे. नेमबाजीच्या मैदानावर एका जोडीदाराने प्रत्येक वेळी रायफल भरून द्यावी, कधी खरे काडतूस आणि कधी सरावाचे निर्जीव काडतूस, आणि चाप ओढणाऱ्याला ते कळू देऊ नये. निर्जीव काडतुसावर चाप ओढताना नळीचे टोक खाली झुकले किंवा डोळे मिटले, तर तो मनुष्य धक्क्याला घाबरतो आहे, मग तोंडाने तो काहीही म्हणो. अशी दचक असेल तर शंभर मीटरवर गोळी सहज वीस-तीस सेंटिमीटर चुकते, आणि तेवढ्या चुकीत फुप्फुसांऐवजी पोट फुटते. जखमी जनावर कित्येक तास चालत राहते आणि त्याचा माग काढायला दुसरा कोणीतरी जंगलात उतरतो. कमी ताकदीचे, पण न दचकता चालवता येणारे काडतूस म्हणूनच नेहमी वरचढ ठरते.

खरेदीपूर्वी कोणाच्यातरी देखरेखीखाली त्या कॅलिबरच्या निदान दहा गोळ्या झाडून पाहाव्यात. पहिल्या तीन गोळ्यांत सगळेच शूर असतात. आठवी, नववी आणि दहावी काय सांगतात ते पाहावे.

सहावी पायरी: हातातली रायफल काय सामावून घेऊ शकते

अनेकांना संपूर्ण नवी रायफल घ्यायची नसते. जुन्या रायफलीची नळी बदलून काम भागवायचे असते. इथे काडतुसाची लांबी आणि बुडाचा व्यास या दोन मापांवर सगळे ठरते. .३०८ गटातील काडतुसे एकूण ७१ मिलिमीटर लांबीत बसतात आणि आखूड यंत्रणेत, म्हणजे काडतूस भरण्याच्या आखूड भागात, चालतात; .३०-०६ ला साधारण ८५ मिलिमीटर लागतात; .३७५ एच अँड एच ला ९१, म्हणून त्याला लांब यंत्रणा हवी. बुडाच्या बाबतीत .३०-०६, .३०८, ७ × ५७, ८ × ५७ आणि ९.३ × ६२ ही सगळी सुमारे १२ मिलिमीटरच्या कुळातली आहेत, तर पट्टा असलेल्या मॅग्नम काडतुसांचे बूड साडेतेरा मिलिमीटरचे असते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की .३०-०६ ची बोल्ट रायफल (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) असलेल्याला .३५ व्हेलन, .३३८-०६ किंवा ९.३ × ६२ कडे जाणे तुलनेने सोपे आहे, कारण बोल्टचे तोंड बदलावे लागत नाही आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यात, फारसा फेरफार करावा लागत नाही. .३३८ विंचेस्टर मॅग्नमची लांबी त्याच यंत्रणेत बसते, पण बोल्टचे तोंड वेगळे लागते आणि मॅगझिनमध्ये एक काडतूस कमी मावते. नळी बदलण्याचे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावे, त्यानंतर दाबाची अधिकृत चाचणी आवश्यक असेल तिथे ती करून घ्यावी, आणि परवान्यात कॅलिबरचा बदल नोंदवून घ्यावा. नळीवर नव्या काडतुसाचे नाव ठळकपणे कोरलेले असणे ही केवळ औपचारिकता नाही, कारण एका रायफलीत चुकीचे काडतूस शिरून उडू शकते.

नावांचा गोंधळ

पुढे जाण्यापूर्वी नावांविषयी थोडे. काडतुसाच्या नावातील आकडा म्हणजे गोळीचे अचूक माप, असे गृहीत धरू नये. .३०-०६ मधील ०६ हे साल आहे; .४५-७० मधील ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन, ९.३ × ६२ मधील ६२ म्हणजे पुंगळीची मिलिमीटरमधील लांबी. .३०-०६, .३०८ आणि .३०० या तिन्हींच्या गोळ्यांचा व्यास एकच, .३०८ इंच, तर .३०३ ब्रिटिशची गोळी .३११ इंच. सर्वांत धोकादायक जोडी ८ × ५७ ची आहे: जुन्या रायफलींच्या नळ्या .३१८ इंची गोळीसाठी होत्या, नंतरच्या .३२३ साठी. नंतरचे काडतूस जुन्या नळीत गेले तर दाब धोक्याच्या पातळीवर चढतो. जुनी रायफल विकत किंवा वारशाने मिळाली असेल, तर कारागिराकडून नळी मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नये.

सातवी पायरी: उरलेल्या उमेदवारांची तुलना

आता नावे. इथपर्यंतच्या चाळण्यांतून साधारणपणे पाच-सहा काडतुसे उरतात.

९.३ × ६२ हे बर्लिनमधील बंदूक कारागीर ओटो बॉक यांनी १९०५ च्या सुमारास तयार केले. साध्या माउझर यंत्रणेत बसेल आणि तरीही आफ्रिकेतील मोठ्या जनावरांना पुरे पडेल असे काडतूस, हा त्यामागचा विचार होता, आणि तो आजही तितकाच समर्पक आहे. १८.५ ग्रॅमची गोळी, ७२० मीटरचा वेग, सुमारे ४,८०० ज्यूल. मॅग्नम नसल्यामुळे मॅगझिनमध्ये काडतुसे जास्त मावतात, धक्का ढकलल्यासारखा येतो, थपडेसारखा नाही. दोनशे मीटरच्या आत मूस, वापिटी, इलंड, मोठे अस्वल, मोठे रानडुक्कर यांपैकी कशालाही ते कमी पडत नाही. दुर्बीण १७० मीटरला शून्य केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी लावली, तर गोळी शंभर मीटरवर सहा-सात सेंटिमीटर वर आणि दोनशे मीटरवर सुमारे आठ सेंटिमीटर खाली लागते. म्हणजे दोनशे मीटरपर्यंत नेम बदलण्याची गरजच नाही. त्यापुढे मात्र ती झपाट्याने खाली येते. मला एकच पर्याय सुचवायला सांगितला, तर मी हाच सुचवीन.

.३५ व्हेलन हे १९२२ मध्ये जन्मलेले, पण कारखान्यात नियमितपणे बनू लागण्यासाठी १९८० च्या दशकाची अखेर पाहावी लागलेले काडतूस आहे. .३०-०६ ची पुंगळी रुंद करून त्यात .३५८ इंची गोळी बसवलेली. गुणांनी ९.३ × ६२ च्या जवळचे, किंचित हलके. उत्तर अमेरिकेत ते सोयीचे, इतरत्र काडतुसे शोधावी लागतात.

.३३८ विंचेस्टर मॅग्नम १९५८ सालचे. १६.२ ग्रॅमची गोळी ८१० मीटर वेगाने, म्हणजे ५,३०० ज्यूल. मोकळ्या डोंगराळ प्रदेशात, जिथे अडीचशे-तीनशे मीटरवर मोठे वापिटी दिसते, तिथे याला तोड नाही. धक्का तीक्ष्ण आहे आणि हलक्या रायफलीत तो सहन होत नाही असे म्हणणारे अनेक आहेत. वर दिलेले गणित त्यांच्या बाजूचे आहे.

.३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ सालचे, लांब पल्ल्यासाठी .३०-०६ चा नैसर्गिक वारसदार. गोळीचा व्यास तोच राहतो, वेग वाढतो. इथे एक सूक्ष्म धोका आहे: जवळच्या अंतरावर अतिवेगाने गेलेली साध्या बांधणीची गोळी लवकर फुटते. त्यामुळे या काडतुसात मोठ्या जनावरासाठी बाँडेड किंवा तांब्याची गोळीच घालावी.

.३७५ एच अँड एच मॅग्नम १९१२ सालचे. १९.४ ग्रॅमची गोळी, ७७० मीटर वेग, जवळपास ५,७५० ज्यूल. ज्याच्या यादीत एकदा तरी रानम्हैस आहे त्याने मधल्या पायऱ्या गाळून थेट इथे यावे. त्याच्या हलक्या गोळ्या मध्यम जनावरांसाठीही वापरता येतात आणि शंभर वर्षांहून जुने असूनही ते जगभर मिळते. केवळ मूस आणि वापिटी यांच्यासाठी मात्र त्याची गरज नाही.

.४५-७० हे १८७३ चे काडतूस दाट झाडीत, शंभर मीटरच्या आत, लिव्हर रायफलीतून (चापाजवळची दांडी ओढून काडतूस भरायची रायफल) आजही लोकप्रिय आहे. त्याची काडतुसे वेगवेगळ्या दाबाची बनतात. आधुनिक रायफलीसाठीची जोरदार काडतुसे एकोणिसाव्या शतकातील जुन्या रायफलीत कधीही घालू नयेत. .४१६ आणि त्यापुढची कॅलिबरे निव्वळ धोकादायक जनावरांसाठी आहेत आणि ज्याला ती लागतात त्याला ते आधीच माहीत असते.

आठवी पायरी: काडतुसे मिळतील का

दोन नावे बरोबरीत उरली, तर जे सहज मिळते ते घ्यावे. वर्षभराच्या सरावाला आणि शिकारीला मिळून शंभर-दीडशे काडतुसे लागतात असे धरले, तर ती एकाच उत्पादकाची, एकाच गोळीची आणि शक्यतो एकाच खेपेतील मिळायला हवीत, कारण बांधणी बदलली की गोळी लागण्याची जागाही बदलते. दुर्मीळ कॅलिबर निवडलेल्या माणसाचे सामान विमानतळावर हरवले, तर शिकारीच्या ठिकाणी त्याला पर्यायच उरत नाही. महाग काडतुसांचा एक छुपा तोटाही आहे: मनुष्य सराव कमी करतो.

नववी पायरी: निवडीनंतरची पडताळणी

नवी रायफल आल्यावर दुर्बीण तपासावी. जोरदार धक्क्याच्या रायफलीवर डोळा आणि दुर्बीण यांत निदान नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे, नाहीतर भुवईवर अर्धवर्तुळाकार खूण कायमची राहते. दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू ठरवलेल्या ताणाने आवळावेत आणि वीस गोळ्यांनंतर पुन्हा तपासावेत.

टेबलावरून दुर्बीण शून्य करण्यासाठी आवश्यक तेवढ्याच गोळ्या झाडाव्यात. टेबलावर बसून जोरदार रायफल चालवणे हाच दचक लागण्याचा सर्वांत खात्रीशीर मार्ग आहे, कारण शरीराला मागे झुकायला वाव नसतो. उरलेला सराव उभे राहून, काठ्यांच्या आधाराने, गुडघ्यावर बसून करावा. वीस सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य ठेवावे आणि ज्या अंतरावर, शिकारीच्याच पवित्र्यात, दहापैकी दहा गोळ्या त्यात बसतात ते अंतर दुसऱ्या पायरीतल्या कागदावर, 'सर्वांत लांबचे अंतर' या ओळीपुढे लिहावे. आधी लिहिलेला आकडा मोठा असेल तर तो खोडावा. एका बैठकीत मोठ्या रायफलीच्या दहा-बारा गोळ्या पुरेत. बाकीचा सराव त्याच पवित्र्यात .२२ रायफलीने केला तरी चापावरचा हात आणि श्वास दोन्ही तयार होतात.

शेवटी, शिकारीला निघण्याच्या आदल्या आठवड्यात, नळी थंड आणि कोरडी असताना पहिली गोळी कुठे लागते ते तीन वेगवेगळ्या दिवशी तपासावे. तेलाचा हात दिलेल्या किंवा तापलेल्या नळीतून जाणारी गोळी थोडी वेगळी लागू शकते, आणि प्रत्यक्ष शिकारीत बहुधा तीच पहिली, थंड नळीतली गोळी सगळे ठरवते.